हळद लावलेल्या दोन डिस्क

माझा जावई माझ्या घरी जेवत नाही. मीही त्याला जेवायला बोलवत नाही. लोक म्हणतात, म्हातारी हट्टी आहे. आहेच. पण हे का झालं ते लोकांना अर्धंच माहीत आहे, म्हणून मी पूर्ण लिहिते. मी चौथीपर्यंत शिकले. कॉम्प्युटर मला चालवता येत नाही. कुणी माझ्यावर खोटा आळ घातला तर तो मात्र मला कळतो, आणि मी तो विसरत नाही.

येरमाळ्यात हायवेला आमच्या मुलाचं फोटोचं दुकान आहे. मुलगा लग्नं शूट करतो आणि सून दुकानात बसून त्याची फिल्म तयार करते. सून बारावी शिकलेली आहे आणि कामाला वाघ आहे. लग्नाच्या फिल्मला फार जागा लागते. म्हणून जावयानं आम्हाला एक जुना कॉम्प्युटर नुसता साठवणीसाठी लावून दिला होता. जावई तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. पुण्याला कोर्स केलेला, अंगावर कायम इस्त्रीचा शर्ट.

त्या कॉम्प्युटरला बाहेरून दोन डिस्क होत्या. डिस्क म्हणजे जाड वहीएवढी काळी पेटी. एकीला 'काम' म्हणायचं, तिच्यावर सगळी लग्नं. दुसरीला 'नक्कल' म्हणायचं, तिच्यावर पहिलीतलं सगळं पुन्हा एकदा, म्हणजे एक बिघडली तर दुसरी हाताशी. ही नक्कल आपोआप व्हावी म्हणून जावयानं एक स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला लिहून दिलेली कामाची यादी. मशीन चालू झालं की ते ती यादी वरून खाली वाचतं आणि तसं करतं. त्या यादीत असं होतं: कामाची डिस्क उघड, नकलेची डिस्क उघड, कामावर जे नवीन आहे ते नकलेवर घाल, आणि कामावर जे नाही ते नकलेवरून पुसून टाक.

तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग श्रावणात नकलेची डिस्क घरघर करून कायमची बंद पडली. जावयानं नवी आणायला नवरात्र उजाडवलं. अष्टमीला आला, चालू मशीनला नवी रिकामी डिस्क जोडली, तिची मांडणी करून दिली आणि म्हणाला, "आता मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, की पहिली नक्कल आपोआप व्हईल."

मी म्हणाले, "परवा दसरा हाय. मुहूर्तावरच चालू करा की."

कुणी नाही म्हणालं नाही. जावईही नाही. मशीन बंद करून ठेवलं. तेवढी चूक माझी, आणि ती मी सगळ्यांसमोर कबूल केलेली आहे.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. विळा, खुरपं, शेळ्यांची कात्री, मुलाचे दोन कॅमेरे, मोटारसायकल, आणि ज्याच्यावर घर चालतं त्या दोन पेट्या. पूजा दरवर्षी मीच करते. मशीन बंद होतं. मी एक पेटी काढली, कोरड्या फडक्यानं पुसली, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि होती तिथं परत जोडली. मग दुसरी काढली. लोणच्याच्या बरण्यांची झाकणंसुद्धा मी एकदम काढत नाही, एकेक काढते. दोन पेट्या एका वेळी माझ्या हातात नव्हत्याच. अदलाबदल होणार कशी.

दसऱ्याला दुपारी दुकानात माणसं होती. आपट्याची पानं द्यायला आलेले शेजारी, मुलाचे मित्र, लेक आणि जावई. जावई खुर्चीवर, बाकीचे उभे. मुलानं नारळ फोडला आणि सुनेनं मशीन चालू केलं. थोड्या वेळानं एक लग्न दाखवायला म्हणून तिनं कामाची डिस्क उघडली. आत काही नव्हतं. तिनं नक्कल उघडली. तीही रिकामी. उन्हाळ्यातली अकरा लग्नं अजून लोकांना द्यायची राहिली होती. ती सगळी त्या डिस्कवर होती आणि कॅमेऱ्यातल्या कार्डांवर तोवर दुसरी लग्नं भरून झाली होती.

 सुनेनं एकदा मशीनकडं बघितलं, एकदा जावयाकडं.

जावई उठला. मशीनमागं वाकला, पेट्यांवरची हळद बघितली आणि सरळ होत हसला. "ह्या डिस्का कुणी काढल्या व्हत्या?"

"म्या," मी म्हणाले. "पूजेला."

"झालं तर मग. मामी, तुमी उलट्या लावल्या. रिकामी डिस्क कामाच्या जागी बसली आन् कामाची नकलेच्या जागी. मशीननं रिकामीची नक्कल केली. सगळं पुसलं."

"मी उलट्या लावल्या न्हाईत."

"मामी, मशीन खोटं बोलत न्हाय."

मुलाचा एक मित्र म्हणाला, "डिस्कला हळद लागली म्हणल्यावर ती सासरी जायाचीच." सगळे हसले. जावईही हसला. माझा मुलगा हसला नाही, पण माझ्या बाजूनं एक शब्दही बोलला नाही.

कामाची डिस्क शहरातल्या एका जाणकाराकडं पाठवली. डिस्कसोबत फिल्मचे नुसते तुकडे परत आले. कुठं नुसता बँडचा आवाज, कुठं अर्धा मांडव. एक लग्न धड निघालं नाही.

मग त्या अकरा घरी सांगायला कोण जाणार, हा प्रश्न आला. जावई म्हणाला, "मामी गेल्या तर लोक जास्त बोलणार न्हाईत. म्हातारं माणूस." मुलगा त्याला हो म्हणाला. मुलानंच मला मोटारसायकलवर मागं बसवून अकरा घरी नेलं. प्रत्येक दारात मी हात जोडले आणि म्हणाले, पूजेत माझ्याकडून चुकलं. मला त्या वेळी स्वतःची खात्री राहिली नव्हती. चार माणसं एकच गोष्ट बोलली की आपल्यालाही वाटतं, असेल बाबा.

एका घरी म्हणाले, "म्हातारपणी देवाचं करावं, मशीनला कशाला हात लावावा?" एका घरी दार पूर्ण उघडलंच नाही. एका घरी मुलीचं लग्न वैशाखात झालं होतं आणि बाप आषाढात अचानक वारला होता. त्या मुलीला फिल्ममध्ये बाप चालता-बोलता बघायचा होता. ती योगायोगानं माहेरी होती. ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "माझ्या बापाला तुमी दुसऱ्यांदा मारलं."

मी परत येऊन दोन दिवस शेळ्यांचं केलं, जेवले, झोपले. तिसऱ्या दिवशी दुकानात गेले. माझी नेहमीची जागा दाराशी असते. तिथं बसून मी मटार सोलते, गिऱ्हाइकाला पाणी देते. सून म्हणाली, "आत्या, भावजी म्हणाले, मशीनच्या खोलीची किल्ली तुमच्याकडं ठेवायची न्हाय."

"तू काय म्हणतीस?"

"म्या काय म्हणणार?"

"मी त्या पेट्या एकेक करून काढल्या व्हत्या. एक लावल्यावर दुसरी. तुला खोटं वाटतं?"

 ती म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं व्हतं. तुमी टोपल्यातल्या भाकऱ्यासुद्धा क्रमानं लावता. पण भावजी एवढं शिकलेले."

"त्यानं लिहिलेली ती यादी वाच."

"त्यांची?"

"मग कुणाची? वाच आन् मला सांग, तिला कसं कळतं कोणती पेटी कोणती."

सुनेनं ती स्क्रिप्ट उघडली. तेरा ओळी होत्या. तिनं एकेक ओळ वाचून मला मराठीत सांगितली. पेट्यांवर कंपनीनं छापलेले नंबर त्यात कुठंच नव्हते. 'काम' आणि 'नक्कल' ही आमची नावंही मशीनला माहीत नव्हती. त्यात लिहिलं होतं की 'एसडीबी' म्हणजे काम आणि 'एसडीसी' म्हणजे नक्कल.

"ही बी आन् सी नावं कुणी ठेवली?"

"मशीन ठेवतं. चालू होताना."

"कशावरून ठेवतं?"

हे तिला माहीत नव्हतं. तिनं मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ लावले आणि दुपारभर बघितले. संध्याकाळचा चहा आणला तेव्हा तिनं मला सांगितलं. मशीन चालू होतं तेव्हा सगळ्या डिस्क जाग्या व्हायला लागतात. जी आधी हाक देईल तिला पुढचं अक्षर. कोणती कुठं जोडली याला फारसा अर्थ नाही. आज जी बी आहे ती उद्या सी होऊ शकते, पेटीला कुणी बोटही न लावता.

"मग तीन वर्षं कसं चाललं?"

"जुनी नकलेची डिस्क म्हातारी व्हती, आत्या. सावकाश उठायची. कायम दुसरीच यायची. नवी डिस्क कामाच्या डिस्कसारखीच हाय. दोघी बरोबर उठत्यात. कधी ही पुढं, कधी ती."

मी चहा खाली ठेवला. पुरावा पाहिजे होता. म्हणाले, "नकलेचं काम बंद ठेव आन् मशीन बंद-चालू कर. पेट्यांना हात लावू नको. मी खुणा करते."

डिस्क रिकाम्याच होत्या, आता जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुनेनं मशीन वीस वेळा बंद-चालू केलं. मी खडूनं दाराच्या फळीवर रेघा ओढत गेले. नावं सरळ आली तर उभी रेघ, उलटी आली तर आडवी. वीस रेघांत सहा आडव्या पडल्या. हळदीचं बोट दोन्ही पेट्यांवर जसंच्या तसं होतं.

सुनेनं फळीचा फोटो काढून जावयाला पाठवला आणि खाली सगळं लिहिलं. त्याचा निरोप आला. तिनं तो मला वाचून दाखवला नाही, म्हणून मी मोबाइल घेऊन स्वतः वाचला. लिहिलं होतं, 'मामींना सांगा, शेळ्या राखा.'

त्या दिवशी मी ठरवलं की याला सोडायचं नाही.

शेळ्या मी राखतेच. पन्नास वर्षं राखते. एका वेळी तीस-तीस काळ्या शेळ्या, सगळ्या सारख्या. दारातून ज्या क्रमानं बाहेर पडतात त्या क्रमानं त्यांना नावं देणारा माणूस आमच्याकडं मूर्ख ठरला असता. पहिली आली ती गाभण, दुसरी आली ती भाकड, असं कुणी धरून चालतं का? आम्ही करडू असतानाच कानाला खूण करतो. कुणाचा डावा कान चिरलेला, कुणाचा उजवा, कुणाला दोन चिरा. पुण्याला कोर्स केलेल्या माणसाला एवढं कळलं नव्हतं. त्यानं कानाकडं न बघता दाराकडं बघून नावं दिली आणि कळप कापून टाकला.

मी सुनेला म्हणाले, "तू तुझी यादी लिही. अशी लिही की ज्या डिस्कचं जे नाव हाय ते कायम राहावं. कशीही जोडली, कधीही उठली तरी."

"मला येईल का?"

"त्याला आली तेवढी तर तुला नक्की येईल."

तिला तीन आठवडे लागले. दुकानाचं काम सांभाळून ती व्हिडिओ बघायची, लिहायची, पुसायची. तिनं आधी असं केलं, की मशीननं प्रत्येक डिस्कला तिचा नंबर विचारायचा आणि त्या नंबरावरून कायमचं नाव द्यायचं. हा नियम लिहून ठेवायची मशीनमध्ये जागा असते, आणि तो नियम हातानं लिहायला लागू नये म्हणून तिनं स्क्रिप्ट केली. नवी डिस्क लावली की स्क्रिप्ट विचारते, ही काम का नक्कल, आणि नियम स्वतःच लिहिते. ऐकायला बरं होतं. करून बघितलं तर दोन्ही डिस्कनी एकच नंबर सांगितला.

सून रडकुंडीला आली. "दोघींचा नंबर एक कसा असंल, आत्या?"

मी दोन्ही पेट्या बघितल्या. एकाच कंपनीच्या, एकाच घडणीच्या होत्या. "आतली डिस्क निराळी आन् बाहेरची पेटी निराळी असती का?"

"व्हय. पेटी म्हंजे नुसतं कव्हर."

"मग हा नंबर कव्हरचा असंल. गोठ्याला नंबर घातलाय पोरी, शेळीला न्हाय."

तिनं शोधलं आणि तसंच निघालं. स्वस्तातल्या पेट्या सगळ्या एकच नंबर सांगतात. पण डिस्क पहिल्यांदा वापरायला तयार करतात तेव्हा तिच्यावर एक लांबलचक खूण कोरली जाते, ती प्रत्येकीची वेगळी असते आणि पेटी बदलली तरी बदलत नाही. सुनेनं ती खूण धरली. वर आणखी एक गोष्ट केली, ती माझ्या सांगण्यावरून. नक्कल करण्याआधी मशीननं बघायचं, कामाची डिस्क रिकामी तर नाही ना. रिकामी असेल तर काहीही न पुसता थांबायचं. रिकाम्या कणगीकडं बघून कुणी भरलेली कणगी ओतून देत नाही.

मग आम्ही पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी मी मुद्दाम पेट्यांची अदलाबदल केली. तारा बदलल्या, भोकं बदलली. एक पेटी मशीन चालू झाल्यावर उशिरा लावली. चाळीस वेळा चालू केलं. फळीवर एक आडवी रेघ पडली नाही.

सुनेला वाटलं, झालं. तिचं झालं होतं, माझं नव्हतं.

मी तिला विचारलं, "जावयानं ही अशी यादी आणखी कुठं कुठं लावली?" तिला तीन ठिकाणं माहीत होती, सगळी फोटोची दुकानं. तिच्याकडून मी एका कागदावर लिहून घेतलं: आधी काय टाइप करून नक्कल थांबवायची, मग काय बघायचं. तो कागद पिशवीत घातला आणि एसटीत बसले.

पहिलं गाव ईट. दुकानातला माणूस म्हणाला, "बसा आजी. फोटो काढायचाय का?"

"न्हाय. तुझ्या मशीनला दोन डिस्का हायत ना? कुणी लावून दिल्या?"

त्यानं माझ्या जावयाचं नाव सांगितलं. वर म्हणाला, "लई हुशार माणूस."

"दोन्ही डिस्का सारख्या हायत?"

"गेल्याच आठवड्यात दोन्ही एकाच दिवशी घेतल्या."

"मग हे कागदावरचं टाइप कर. आन् मशीन बंद करून चालू कर."

"आजी, तुमी कोण?"

"मी त्याची सासू."

तो हसला, पण सासू म्हटल्यावर ऐकलं त्यानं. पहिल्यांदा नावं सरळ आली. दुसऱ्यांदा सरळ. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "आजी, गिऱ्हाईक खोळंबलंय." मी म्हणाले, "खोळंबू दे." चौथ्यांदा नावं उलटी आली. तो खुर्चीत बसला. त्याच्या डिस्कवर दोन वर्षांची लग्नं होती. पेट्या त्याच्या समोर होत्या, कुणी हात लावला नव्हता, हळद नव्हती, कुंकू नव्हतं.

त्यानं तिथूनच जावयाला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. "अवो, तुमची स्क्रिप्ट चुकीची हाय म्हणं. इथं एक म्हातारी आलीय."

"कोण म्हातारी?"

मी पुढं झाले. "मी. शेळ्या राखून आले."

तिकडून फोन बंद झाला.

त्या आठवड्यात मी दुसऱ्या दुकानात गेले, त्याच्या पुढच्या आठवड्यात तामलवाडीला. दोन गाड्या बदलून गेले. दमले, पण गेले. तिन्ही दुकानांनी जावयाचं काम बंद केलं आणि सुनेला बोलावलं. त्यांनी आणखी चौघांना सांगितलं. मी ते लोकांच्या भल्यासाठी केलं असं कुणी म्हणालं तर मी मान हलवणार नाही. त्यांची लग्नं वाचली, बरं झालं. मी गेले ते त्याची पत घालवायला.

मग लेक आली. पिशवी खाली न ठेवताच बोलायला लागली. "आई, तू माझ्या नवऱ्याच्या पोटावर पाय देतीस."

"त्यानं मला अकरा दारांत हात जोडायला लावलं."

"त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं."

"फळीचा फोटो पाठवल्यावर ठाऊक झालं व्हतं. तेव्हा तो काय म्हणाला, विचार त्याला."

"तो जावई हाय आपला. चारचौघांत त्याचा मान जातो."

"माझा गेला तेव्हा तू तिथंच उभी व्हतीस. पान द्यायला आली व्हतीस."

ती रडली. मी तिला पाणी दिलं. रडू द्यावं माणसाला, पण त्यावरून आपलं मत बदलू नये. जाताना म्हणाली, "काय केलं म्हंजे थांबशील?"

"त्याला पाठव. सांगते."

तो चौथ्या दिवशी आला. खुर्ची दिली तर बसला नाही. सून आत मशीनपाशी होती, मुलगा गल्ल्यापाशी.

"मामी, झालं ते झालं. तुमची चूक नव्हती. बास?"

"हे तू मला सांगतोस. मला आधीच म्हाईत हाय."

"मग?"

"मी अकरा घरी गेले व्हते. तू बी चल. जे मला सांगितलंस ते तिथं सांग."

"फोन करतो सगळ्यांना."

"मी फोनवर हात जोडले न्हाईत."

तो मुलाकडं बघून म्हणाला, "मेव्हणं, सांगा की काहीतरी." मुलानं गल्ला बंद केला. मग म्हणाला, "गाडीची चावी तिथं खिळ्याला हाय. आईला मागं धरून बसायची सवय हाय, सावकाश न्या." माझ्या बाजूनं तो तेवढंच बोलला. तेही उशिरा बोलला, हे मी त्याला नंतर सांगितलं.

एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. त्याच दिवशी सुनेनं आपली स्क्रिप्ट जावयाला देऊन टाकली होती. त्याच्या इतर गिऱ्हाइकांच्या डिस्क वाचाव्यात म्हणून. मला कळल्यावर मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. ती म्हणाली, "लोकांची लगीनं हायत, आत्या, त्यांनी काय केलंय?" तिचं बरोबर होतं. तरी मी चार दिवस बोलले नाही.

पहिल्या घरी जावयानं ओट्यावर उभं राहून सांगितलं, की मशीनच्या नावांचा घोळ होता, मामींनी पेट्या बरोबर लावल्या होत्या. घोळ कुणाचा ते गाळलं. मी म्हणाले, "कुणाचा?" तो म्हणाला, "माझ्या स्क्रिप्टचा. आन् मामींनी मुहूर्तासाठी दोन दिवस थांबवलं, न्हायतर..." मी म्हणाले, "व्हय. थांबवायचं माझं. पुसायचं तुझं. आता पुन्हा नीट सांग." त्यानं पुन्हा सांगितलं. त्या घरातले लोक ऐकत होते आणि माझ्याकडं बघत नव्हते.

दुसऱ्या घरी कुणी नव्हतं, तिथं परतताना जायचं मी ठरवलं. तिसऱ्या घरी म्हातारा बहिरा होता, तर मी जावयाला मोठ्यानं बोलायला लावलं. शेजारचे दारात आले.

चौथं घर त्या वारलेल्या माणसाचं. त्याची बायको घरी होती. जावयानं सांगितलं. एव्हाना त्याला पाठ झालं होतं. ती बाई पदर सावरत म्हणाली, "यंत्राचं काय सांगावं, जावईबापू. तुमी मुद्दाम थोडंच केलं? बसा, चहा ठेवते." सतरंजी अंथरली. पाण्याचा तांब्या आणला, तो आधी त्याच्या हातात दिला. याच घरात मला उभं ठेवलं होतं, पाणी विचारलं नव्हतं. माझी चूक होती तेव्हा ते पाप होतं. त्याची निघाली तर ते यंत्र झालं. एका मिनिटात त्याला माफी मिळाली आणि तो सतरंजीवर पाय पसरून बसला. त्याचा चेहराही सैल झाला.

मी बसले नाही. म्हणाले, "पोरीला फोन लावा. मला ती बोलली व्हती."

"ती सासरी हाय आता. कशाला उगं..."

"लावा."

बाईनं फोन लावून जावयाला दिला आणि मी सांगितल्यावर आवाज मोठा केला. त्यानं तिलाही सगळं सांगितलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.  मग म्हणाली, "म्हंजे नवी डिस्क लावली त्या दिवशीच नक्कल केली असती, तर माझा बाप राहिला असता?"

जावई म्हणाला, "व्हय, नावं सरळ आली असती तर."

"आन् स्क्रिप्ट नीट लिहिली असती तरी राहिला असता?"

"व्हय."

"आजी हायत का तिथं?"

फोन माझ्या हातात आला. ती म्हणाली, "आजी, मी तुमाला लई वाईट बोलले."

"बोललीस."

"माझं चुकलं."

"चुकलं," मी म्हणाले.  फोन तिच्या आईला दिला.

जावयापुढं चहाचा कप आला होता. तो फुंकर घालत होता. मी त्याला म्हणाले, "उठ. अजून आठ घरं हायत."